मावशीच्या नाटकातले कंस

"रेग्युलर एक्स्प्रेशन? माझ्या डाव्या हातचा मळ, मावशी!" भाच्याने छाती फुगवली. प्रोग्रामिंग शिकायला लागून त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

मावशीचं पहिलंवहिलं नाटक संध्याकाळी होतं. खलनायक झालेल्या काकांची पाठांतराच्या नावाने बोंब. ते कागद हातात धरत आणि त्यावर असेल ते सगळं बोलत, कंसातलं ‘खोकतो’सुद्धा. म्हणून कंसातल्या सगळ्या सूचना उडवायच्या होत्या.

भाच्याने संगणकाला रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायच्या मजकुराचा नमुना दिला: उघडणारा कंस, मधलं काहीही, बंद होणारा कंस, सगळं पुसून टाक. संगणक पक्का अधाशी! त्याने पहिल्या कंसापासून थेट शेवटच्या कंसापर्यंत हात मारला. उरलं एवढंच: ‘कोण आहे?’ आणि ‘पडदा.’

"मेल्या, माझे तीन अंक गिळलेस!"

"थांब गं, मूळ प्रत आहे. नमुन्यात एक प्रश्नचिन्ह घातलं की तो पहिल्याच बंद कंसाशी थांबतो."

खरंच थांबला. संवाद जसेच्या तसे, सूचना साफ. मावशीने भाच्याची पाठ थोपटली आणि ताजी प्रत काकांच्या हाती दिली.

शेवटच्या प्रवेशात काकांना गोळी लागली. ‘कोसळून मरतो’ हे कंसात होतं. पडदा पडेपर्यंत काका उभेच होते.