जाऊबाईंचं भाषण

थोरलीने साडी गुडघ्यापर्यंत वर खोचली, शेवटच्या पायरीवर बूड टेकलं आणि दोन्ही पाय कालव्यात सोडले. पाणी पोटऱ्यांना लागताच तिच्या तोंडून नेहमीचा सुस्कारा निघाला.

"घ्या," धाकटी शेजारी बसत म्हणाली. "प्लँट बंद करायला निघालेल्या बाईंना प्लँटचंच पाणी कसं मानवतंय बघा."

"पाण्याशी माझं भांडण नाही."

"पाणी आपोआप तापतं का, जाऊबाई?"

"तू आधी सरक. माझ्या वाटचं ऊन अडवतेस."

धाकटी हसली आणि मुद्दाम तसूभरच सरकली. अणुवीज केंद्रातली यंत्रं थंड करून बाहेर पडणारं पाणी या कालव्यातून नदीला मिळत असे. थंडीच्या दिवसांत त्यावर वाफ तरंगायची. दुखऱ्या गुडघ्यांना त्यासारखा दुसरा शेक नाही, यावर दोघी जावांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

सख्ख्या भावांच्या बायका, पण घरं दोन तऱ्हांची. थोरलीने नवऱ्याबरोबर शिवणकामाचं दुकान चालवलं. धाकटीचं सगळं घर केंद्रात. नवरा पंपांवर होता, ती स्वतः कामगारांचे कपडे धुण्याच्या विभागात होती आणि आता मुलगा टर्बाइनच्या दुरुस्तीवर. नवरे गेले, दुकान गेलं, सकाळचा कालवा तेवढा राहिला.

"चल, ऐक," थोरली म्हणाली आणि तिने घसा खाकरला.

केंद्र ठरलेल्या मुदतीपुढे आणखी चालवायचं की नाही, याची जनसुनावणी आज दुपारी होती. विरोध करणाऱ्या नागरिकांच्या समितीने थोरलीला बोलायला सांगितलं होतं. तिने भाषण पाठ केलं, कारण कागद धरला की तिचा हात थरथरतो आणि मग लोक भाषण सोडून हाताकडे बघतात. आणि ते ती म्हणून दाखवायची धाकटीलाच. समितीतल्या बायका तिचं पहिलं वाक्य संपायच्या आत माना डोलवायला लागत. धाकटी तसली नव्हती.

"फार भरभर," धाकटी मध्येच म्हणाली. "आगगाडी सुटतेय का तुमची? 'शब्द दिला' म्हटल्यावर थांबा. लोकांना कळू दे, कोणी दिला, कोणाला दिला."

"थांबले तर विसरेन."

"नाही विसरत. आणि ते 'सन्माननीय' दोनदा येतंय. एकदाच म्हणा, त्यांना तेवढं पुरे."

थोरलीने पुन्हा सुरुवात केली. धाकटी पाण्यात पाय हलवत, ओठांतल्या ओठांत तिच्याबरोबर म्हणत राहिली.

ज्या शब्दाची गोष्ट होती, तो दिला तेव्हा दोघी हजर होत्या. केंद्र उभं राहत होतं. दोघी नव्या नवऱ्या, अजून एकमेकींशी जपून बोलणाऱ्या. सुट्टीच्या दिवशी सगळं कुटुंब क्रेन बघायला जायचं, जसं कोणी जत्रेला जावं. एकदा त्यांच्या सासूबाईंनी तिथल्या एका तरुण इंजिनिअरला थेट हटकलं होतं, "काय रे, हे किती वर्षं चालणार?" त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून तो बिचारा वाकून त्यांच्या कानाशी ओरडला होता, "आजी, तुमच्या नातवंडांची मुलं शाळेत जायला लागतील तोवर. मग कुलूप!" सासूबाई खूश झाल्या होत्या. तेव्हा दोन्ही सुनांपैकी कोणाला मूलही झालेलं नव्हतं, आणि परतीच्या वाटेवर त्यांनी दोघींकडे असं काही पाहिलं, की दोघी हसू दाबत मागे राहिल्या. मैत्री झाली ती त्या वाटेवर.

आता धाकटीची नात शाळेच्या शेवटच्या वर्गात होती.

"आज तूही बोलणार आहेस ना?" थोरलीने भाषण संपवून विचारलं. ती पाण्याकडे बघत होती.

"कामगारांनी नाव दिलंय माझं. कपडे धुण्यात मी सगळ्यांत जुनी, म्हणून मीच हवी म्हणे."

"काय बोलशील?"

"काय बोलणार? पोरगा आत आहे. बंद झालं तर तो बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी जाईल, नात जाईल. एवढंच." तिने पाय बाहेर काढून पुसले. "तो शेजारीच बसणार आहे माझ्या. तुमच्या बाजूने चुकून मान डोलवली तरी घरी गेल्यावर दिसेल मला त्याचं तोंड."

"मग डोलवू नकोस."

"नाही डोलवणार. तुम्ही नीट बोला म्हणजे झालं."

सभागृहात दुपारी पंखे फिरत होते आणि खुर्च्या दोन भागांत लावल्या होत्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण लोक आपापल्या बाजूला बसले. डावीकडे समितीचे लोक, उजवीकडे केंद्रातले कामगार आणि त्यांच्या घरचे. धाकटी दुसऱ्या रांगेत, तिच्या कडेला मुलगा. कामाच्या पाळीवरून तसाच आला होता, निळ्या गणवेशात. त्याने आईला पाणी आणून दिलं आणि हात बांधून बसला.

थोरलीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली, ध्वनिक्षेपकापाशी गेली, आणि तिने "सन्माननीय" एकदाच म्हटलं. धाकटीच्या खांद्यांचा ताण थोडा सैल झाला.

भाषण चांगलं चाललं होतं. पण सभागृह जुनं, आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता. थोरलीला स्वतःचंच वाक्य क्षणभराने पुन्हा ऐकू येई, आणि ती त्याच्याकडे कान देई.

"ज्यांनी आम्हाला शब्द दिला," ती म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणे थांबली. "ते आज या व्यासपीठावर नाहीत."

मग ती थांबलेलीच राहिली.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. डावीकडच्या बायका तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना माना डोलवता येत होत्या, पुढचं वाक्य मात्र एकीलाही येत नव्हतं. थोरलीने ओठ उघडले, मिटले. तिने ध्वनिक्षेपकाची दांडी धरली.

"ज्यांना दिला," उजवीकडून आवाज आला, "त्या आम्ही अजून आहोत."

सगळ्यांच्या माना वळल्या. धाकटी उभी होती. आपण उभ्या राहिलो हे तिलाही तेव्हाच कळलं असावं, कारण तिने पटकन खुर्चीची पाठ धरली.

"त्या आम्ही अजून आहोत," थोरली म्हणाली आणि तिथून पुढे शेवटपर्यंत कुठे अडली नाही.

मागे कोणीतरी खुसखुसलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून धाकटीला विचारलं, "अहो, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?"

"जाऊ आहे माझी," धाकटी म्हणाली आणि खाली बसली. मुलाकडे तिने पाहिलं नाही. तोही समोरच बघत होता.

थोड्या वेळाने तिचं नाव आलं. ती पुढे गेली. उंचीने ठेंगणी, तेव्हा ध्वनिक्षेपक खाली घ्यायला माणूस धावला.

"माझा मुलगा आत काम करतो," ती म्हणाली. "माझा नवरा तिथे होता. मीही होते. आमचं सगळं त्यातून झालं. ते चालू राहावं, असं सांगायला मी आले होते."

उजवीकडे टाळ्या पडल्या. ती त्या संपेपर्यंत थांबली.

"मघाशी मी जे सांगितलं, ते पाठ झालं होतं म्हणून सांगितलं. रोज ऐकते मी ते. कुठे चुकतंय, कुठे जाऊबाई खोटं बोलताहेत, हेच शोधत ऐकते. सवयच आहे मला." ती किंचित हसली. मग तिने व्यासपीठाकडे पाहिलं. "थांबायचं कुठे एवढंच चुकत होतं. खोटं काही सापडलं नाही."

एवढं बोलून ती वळली.

यावेळी टाळ्या कुठूनच आल्या नाहीत. डावीकडे थोरलीने तिच्यासाठी जागा करत शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली होती. धाकटीने तिच्याकडे बघून हळूच नकाराची मान हलवली आणि उजवीकडच्या दुसऱ्या रांगेत, आपल्या जागेकडे गेली. रांगेतल्या लोकांनी पाय आखडून तिला वाट दिली, पण कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

ती बसली. मांडीवर हात जुळवून ठेवले. शेजारी निळी बाही होती, हलत नव्हती. पुढचा वक्ता आला, बोलायला लागला.

बऱ्याच वेळाने मुलगा तिच्या बाजूला थोडा झुकला.

"आई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "काकूंचं एक वाक्य राहिलं."

"कुठलं?"

"'जे बाहेरून ठणठणीत दिसतं, त्याची आतून विचारपूस करावी लागते.' 'त्या आम्ही अजून आहोत'च्या नंतरचं."

धाकटीने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. खरंच राहिलं होतं.

"तुला कुठून ठाऊक?"

"भांडी घासताना रोज म्हणतेस," तो म्हणाला. आणि समोर बघतच, आवाज आणखी खाली घेऊन, त्याने पुढचं वाक्यही म्हटलं.