फ्रीजमधली पुरचुंडी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. बेंगळुरूत, हेब्बाळच्या सगुणाबाईंच्या परसात उताणा पडलो आहे. दार गेलं, मोटार गेली, तरी माझी काही तक्रार नाही.

सगुणाबाईंचे यजमान वासुदेवराव मला घरी घेऊन आले, तेव्हा शेजारीपाजारी बर्फ बघायला जमले होते. पुढे माझी घरघर वाढली. आतली भाजी मी पार गारठवून टाकायचो. हा भंगारातच जाणार, असं जो तो म्हणू लागला.

काही वर्षांपूर्वी वासुदेवराव वारले. त्यांनी लावलेलं आयरिसच्या जांभळ्या फुलझाडांचं बेटही कुजलं. उरली एक वाळकी शेंग. तिच्यातल्या तपकिरी बिया सगुणाबाईंनी रोज पाणी बदलून भिजवल्या, ओल्या फडक्यात बांधल्या आणि माझ्या कप्प्यात ठेवल्या. आयरिसच्या बीला आधी थंडी लागते, मगच ती जागी होते. मला फार बरं वाटलं. गारठवणं एवढंच मला येत होतं, आणि तेच कुणाला तरी हवं होतं.

दोन-तीन महिने गेले. बिया हूं की चूं करीनात. एका सकाळी सगुणाबाईंनी दार उघडलं, तर पुरचुंडीच नाही.

"गंगव्वा, इथली पुरचुंडी कुठंय?"

"शेगडीजवळ टांगली, अक्का," स्वयंपाकाला येणारी गंगव्वा म्हणाली. तिला ते हरभरे वाटले होते. "फ्रीजमध्ये कुठं मोड येतात? स्वल्प ऊब नको का?"

"हरभरे नव्हेत गं ते. ह्यांची शेवटची बी होती ती."

सगुणाबाईंनी शेगडीजवळ जाऊन फडकं सोडलं. आत बियांना पांढरे मोड आले होते.

"सरी, बरं," गंगव्वा हळूच म्हणाली, "मग उसळ नाही करायची."

थंडी माझी, ऊब तिची. मी एकटा असतो तर त्या बियांना निजवूनच ठेवलं असतं. गंगव्वाचे उपकार मी विसरलेलो नाही.

कुंडीत लावल्यावर काही रोपं सुरीच्या पात्यासारखी ताठ वर आली. काही केसाएवढीच राहिली. गंगव्वा ती उपटायला निघाली, तेव्हा सगुणाबाई म्हणाल्या, "राहू दे. उशिरा उठणाऱ्यांनाही पाणी घालू."

पुढे मी बंद पडलो. भंगारवाला आला, पण सगुणाबाईंनी त्याला फक्त दार आणि मोटार दिली. "ह्यानं माझी बी सांभाळली," म्हणाल्या. माझ्या पाठीला भोकं पाडून त्यांनी आत माती भरली आणि सगळी रोपं लावली. ती केसाएवढीही आता ताठ उभी आहेत.

मित्रांनो, जुनं म्हणून काही फेकण्याआधी, त्याला अजून काय येतं ते एकदा बघा. आज माझ्या मातीत पहिलं जांभळं फूल उमललं. सगुणाबाई माझ्या काठावर टेकल्या, डोक्यावरचा पदर सावरला आणि हलकेच म्हणाल्या, "आलात?"