दौऱ्यासाठी राखीव

खैरुनचा राग रुग्णालयात सगळ्यांना ठाऊक होता, पण त्या सकाळी तिचं डोकं फिरवलं ते एका कागदानं. चंद्रपुरातल्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात एक्मो यंत्र एकच. फुप्फुसांनी हात टेकले की रोग्याचं रक्त नळीनं बाहेर घ्यायचं, त्यात प्राणवायू मिसळायचा आणि परत अंगात सोडायचं, हे त्याचं काम. ते चालवायचं काम खैरुनचं. आणि त्याच्या खोलीच्या दारावर कागद डकवलेला: 'मा. महोदयांच्या दौऱ्यासाठी राखीव.'

महोदय माजरीकडे कसल्याशा सभागृहाचं उद्घाटन करायला येणार होते. ते जवळपास असेपर्यंत त्यांना काही झालंच तर यंत्र रिकामं हवं. तब्येत म्हणे अगदी ठणठणीत होती. तरीही खोलीला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापक भैयाजींच्या खिशात.

सव्वानऊला कुरखेड्याहून दिव्यानीला घेऊन अ‍ॅम्ब्युलन्स आली. बावीस वर्षांची पोर. धानाच्या बांधीत काम करताना गवतातला किडा चावला, ताप आला आणि तो छातीत उतरला. व्हेंटिलेटर लावूनही प्राणवायू ऐंशीच्या वर जाईना. डॉक्टर प्रणितनं तिला तपासलं आणि लगेच सांगितलं, "एक्मोवर घेतलं तर वाचेल. पण आत्ता."

खैरुन धावतच फाटकाशी गेली. भैयाजी तिथं रस्त्याच्या कडेनं चुन्याच्या रेघा मारून घेत होते.

"साहेब परत गेले का लावा," ते म्हणाले.

"आन् तवरिक पोरीनं काय श्वास धरून बसायचं?"

"खैरुन, समजून घे. एकदा लावली का मशीन आठ-आठ दिवस निंगत नाई. साहेबाले काई झालं त दुसरी कुठून आणू?"

"साहेबाले झालं त! पोरीले त झालंच आहे, भैयाजी!"

भैयाजींनी चुनेवाल्याला रेघ सरळ मारायला सांगितलं.

प्रणितनं नागपूरला फोन केला. तिथलं पथक यंत्र घेऊन संध्याकाळपर्यंत पोचणार होतं. भैयाजींकडे जायला मात्र त्याचे पाय उचलेनात. खैरुनला भैयाजींपेक्षा त्याचीच जास्त चीड आली. एवढा शिकलेला माणूस, आणि एका किल्लीपुढं मान खाली! ती स्वतः आणखी दोनदा गेली, भांडली, हात जोडले. अकराला प्राणवायू चौऱ्याहत्तर होता, बाराला अडुसष्ट. बाहेर बाकावर दिव्यानीची आई, गुणाबाई, पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

सव्वाला खैरुनच्या धाकट्या भावाचा, सलमानचा, फोन आला. त्याचं मंडप-डेकोरेशनचं काम, आणि माजरीचा मंडप त्याचाच.

"आपा, माहा डबा नको पाठवू. मी घरीच येऊन राह्यलो."

"एवढ्यात झाला कार्यक्रम?"

"कुठचा कार्यक्रम! साहेब येत नाई म्हणून नऊलेच फोन आला. आचाऱ्याले आला, लेझीमवाल्या पोरींलेबी सुट्टी देल्ली. चार घंटे झाले, मंडप सोडून राह्यलो."

खैरुनच्या अंगाचा तिळपापड झाला. आचाऱ्याला कळलं, लेझीमला कळलं. जिथं माणूस मरत होतं तिथंच तेवढं कळवायचं कोणाला सुचलं नाही! तिनं भैयाजींना त्यांच्या खोलीत गाठलं आणि सलमानचं बोलणं ऐकवलं.

"मले कोणी कळवलंच नाई," ते चाचरले.

"तुमी इचारलं का? एक फोन केला का?"

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

दोनच्या सुमाराला यंत्र सुरू झालं. काळपट रक्त नळीतून गेलं, लालभडक होऊन परतलं. आकडा ब्याण्णववर चढला, आणि खैरुननं नकळत दुवा मागितली. पण पाच तास उपाशी राहिलेलं हृदय आतून खचलं होतं. साडेचारला ते थांबलं आणि काही केल्या पुन्हा चाललं नाही.

भैयाजी फाइल घेऊन आले. "'पेशंट उशिरा आणला' असं लिव्हा, डॉक्टर. आईलेबी तसंच सांगा. ह्या लोकाइचं नेहमीचंच आहे."

प्रणितनं पेन उचललं. खैरुननं फाइल त्याच्या हातातून ओढून घेतली, तशीच ती बाहेर आली.

गुणाबाईला कळलं होतं. ती रडत नव्हती. "बाई, खरं सांगा जी," ती म्हणाली. "आमच्यानंच उशीर झाला ना? रातीच निंगाले पाह्यजे होतं."

"नाई, मावशी." मागं भैयाजी उभे होते, ते खैरुनला दिसत होतं. ती मुद्दाम मोठ्यानं बोलली. "तुमी सव्वानऊले आणली. तवा मशीन लावली असती त तुमची पोरगी वाचली असती. उशीर आमी केला."

गुणाबाईनं पदराचं टोक मुठीतून सोडलं.

"मंग सव्वानऊपासून ते मशीन कोणाले लावून होती जी?"

"कोणालेच नाई," खैरुन म्हणाली.