डाव्या कोपऱ्यातले बटण

मित्रांनो, मला कुणी 'डबा' म्हटले तरी मी रागावत नाही. मी एक जुना संगणक आहे आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्या खोलीतही कळते. या घरात आलो तेव्हा मात्र माझा थाट काही और होता. खिडकीजवळचे टेबल माझ्यासाठी रिकामे केले होते. घरच्या बाईंनी जुन्या पडद्याचे झाकण शिवून मला घातले. त्याला हौसेने झालरही लावली, पण ती मेली सारखी माझ्या पंख्यात अडकायची. मुले त्यांना आई म्हणत, म्हणून मीही आईच म्हणतो.

त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बाबांचे टेबल होते. बाबा घड्याळे दुरुस्त करत. एका डोळ्याला भिंग लावून ते तासन्‌तास वाकून बसत आणि न बघता हवा तो चिमटा उचलत. कुणी तो चिमटा बोटभर जरी सरकवला, तरी ते घर डोक्यावर घेत. "डोळा घड्याळात गुंतलेला असतो," ते म्हणत, "हाताला जागा पाठ पाहिजे." मुलांनी त्या टेबलाला कधी बोटही लावले नाही.

आईंना माझे भारी कौतुक. एकदा माझा माइक चालतो का, हे बघायला त्या वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचू लागल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "अहो, काय शोधताय मघापासून? चष्मा? तो कपाळावर आहे तुमच्या!" आणि खळखळून हसल्या. मी ते सगळे जपून ठेवले. ते माझे कामच होते.

पुढे आई आजारी पडल्या आणि गेल्या. माझे झाकण धुवायला कुणी उरले नाही.

धाकट्या लेकीला एका दुपारी तो आवाज सापडला. ती शाळेत चित्रकला शिकवते आणि बाबांबरोबरच राहते. तोवर बाबांना विसर पडू लागला होता. घड्याळे लोकांनी परत नेली होती, कारण बाबा ती उघडत आणि तशीच ठेवत. लेकीने त्यांचा हात माझ्या माउसवर ठेवला आणि रोज थोडे थोडे शिकवले. खाली डाव्या कोपऱ्यातले बटण दाबायचे. यादी उघडते. तिसरी ओळ दाबायची. हाताला वाट पाठ झाली. मग रोज चहा झाला की बाबा माझ्यासमोर बसायचे, आईंचा आवाज यायचा, बाबांचा हात कपाळाकडे जायचा आणि ते हसायचे. "बाईसाहेब बोलल्या हो आज," असे लेकीला सांगायचे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते.

पण माझेही वय झाले होते. माझ्यातली जुनी प्रणाली बनवणाऱ्यांनी तिची डागडुजी थांबवली. सुरू व्हायला मला इतका वेळ लागे की बाबा वाट बघत पेंगायचे. दुकानदार म्हणाला, "भंगारात काढा." तेव्हा परगावी नोकरी करणारा थोरला मुलगा सुट्टीत आला आणि म्हणाला, "भंगारात कशाला? ही प्रणाली काढून लिनक्स टाकू. फुकट आहे, मोकळं आहे, जुन्या मशीनलाही चालतं."

त्याने खोटे सांगितले नव्हते. आधी माझ्यातली प्रत्येक गोष्ट दुसरीकडे नीट उतरवून घेतली, मग नवी प्रणाली बसवली आणि सगळे जसेच्या तसे परत ठेवले. आईंचा आवाजही सुखरूप होता. मी क्षणात सुरू होऊ लागलो. "बघा बाबा, म्हातारा कसा पळतोय!" मुलगा म्हणाला. मीही फुशारलो होतो.

त्याने निवडली होती ती जाणकारांची प्रणाली. तिच्यात बटण नाही, यादी नाही. सगळे कीबोर्डवरून आज्ञा लिहून चालवायचे. त्याला तीच आवडे. आपल्याला आवडते ते बाबांना द्यावे, एवढेच त्याच्या मनात होते. तो परत गेला.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाबा बसले. त्यांचा हात बाण घेऊन खाली डाव्या कोपऱ्यात गेला. दाबले. तिथे काहीच नव्हते. पुन्हा दाबले. माउस उलटा करून त्यांनी त्यावर फुंकर मारली, कानाशी धरला. मग लेकीला म्हणाले, "आज बोलत नाहीत. रुसल्या वाटतं." पुढचे काही दिवस ते तसेच बसत आणि उठत. मग बसेनासे झाले. आवाज माझ्या पोटात होता, मित्रांनो, आणि मला तो देता येत नव्हता.

लेकीने फोन लावला. "अगं, सोपंय," थोरला म्हणाला, "दोन बटणं एकदम दाबायची आणि नाव टाइप करायचं."

"दादा, त्यांना माझं नाव आठवायला वेळ लागतो रे."

मग तो हळू म्हणाला, "चुकलंच माझं. लिनक्सचे पुष्कळ प्रकार असतात, नवख्यांसाठी सोपेही असतात. पेन ड्राइव्हवर घे. न बसवता नुसतं चालवून बघता येतं."

आज्ञा लिहून आवाज लावणे तिलाही जमले नाही. शाळा, घर आणि बाबांचे औषधपाणी सांभाळता सांभाळता या कामाला आठवडे लागले. पण तिने निवडले मात्र फार शहाणपणाने. एकेक प्रणाली माझ्यावर सुरू करून ती बाबांना हात धरून माझ्यासमोर बसवी आणि स्वतः बाजूला गप्प राही. पडद्याच्या देखणेपणाकडे तिचे लक्ष नव्हते. ती फक्त बाण कुठे जातो ते बघे. पहिलीत यादी वरच्या बाजूला होती. बाबांचा हात खालीच गेला. दुसरीत सगळी बटणे खाली मधोमध होती. हात कोपऱ्यात जाऊन थांबला. तिसरी होती 'मिंट' नावाची. बाण डाव्या कोपऱ्यात गेला, दाबले, आणि यादी उघडली. लेक तोंडावर पदर धरून रडली.

तिने तीच बसवली. यादीत तिसऱ्या ओळीवर आवाज ठेवला. चहा झाला. बाबा बसले. कोपरा, यादी, तिसरी ओळ. हात कुठेही अडखळला नाही.

"अहो, काय शोधताय मघापासून? चष्मा? तो कपाळावर आहे तुमच्या!"

बाबांचा हात कपाळाकडे गेला. तिथे चष्मा नव्हता. ते लेकीकडे वळले आणि परक्याशी बोलावे तसे अदबीने म्हणाले, "कोण हो या बाई? आवाज छान आहे त्यांचा."

अजूनही ते रोज बसतात. रोज हात कपाळाकडे जातो आणि रोज तेच विचारतात. लेक म्हणते, "आपल्याच घरातल्या आहेत."

मित्रांनो, जुन्या यंत्राला फेकू नका, त्यात नवा जीव घालता येतो, हे तर मी सांगेनच. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. घरातल्या थकलेल्या माणसाला नवे काही देण्याआधी थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. त्याचा हात कुठे जातो ते बघा. एवढे कुणी वेळेवर केले असते, तर बाबांनी आईंना 'बाईसाहेब' म्हटलेले मी आणखी काही दुपारी ऐकले असते.