कच्ची टीप

सिराजला त्या गाडीचा पहिला राग आला तो ती बोलत नाही म्हणून. बटण दाबलं तर काहीच ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं आणि सुरू झालेली गाडी बंद झाली. चोवीस वर्षं डिझेलच्या गाड्या चालवलेल्या माणसाला खरखर ऐकल्याशिवाय गाडी जागी झाली हे पटणार तरी कसं? मागे बसलेल्या त्याच्या बायकोनं, अख्तरबानूनं, चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, सुरू करताय की बंद, एकदा ठरवा. म्हणजे मला उतरायला बरं."

ती सदाशिव पेठेत वाढलेली. टोमणासुद्धा इस्त्री करूनच द्यायची.

वाघोलीच्या त्याच्या कंपनीनं गाड्या घेण्याचे नवे नियम आणले होते. यापुढे धूर सोडणारी गाडी घ्यायची नाही आणि धडकेच्या चाचणीत पाच तारे न मिळालेली तर बघायचीही नाही. नियम लिहिणाऱ्या नम्रतामॅडमचा एकच हट्ट होता, की गाडी चालवणाऱ्यांची सही आधी आणि साहेबांची मग. म्हणून ही नमुन्याची गाडी रविवारपुरती सिराजला दिली होती. "घरच्यांना फिरवून आणा, आणि जे पटणार नाही ते खोडा," असं त्या म्हणाल्या होत्या. कागद खिशात होता. सिराजला सातवं कलम खोडायचं होतं. नव्या गाड्यांच्या सीटवर कव्हर घालू नये, असं ते कलम.

कंपनीच्या प्रत्येक गाडीची कव्हरं आजवर अख्तरबानूनं शिवली होती. पांढरी शुभ्र, काठाला निळी पट्टी. बाजारातली कव्हरं नाडीनं बांधतात आणि महिन्याभरात त्यांचा चोळामोळा होतो. तिची तसली नव्हेत. मशीनवर दुहेरी टीप मारून झाली की शेवटचे टाके ती गाडीत बसून, सीटवरच हातानं घालायची. त्यावर सुरकुती शोधून दाखवावी! नव्या गाड्यांचं कापडही धुऊन, आकसवून कपाटात तयार होतं. ते कलम तिला सांगायचं कसं, या काळजीनं सिराजच्या घशाखाली दोन दिवस घास उतरत नव्हता. एक रेघ ओढली की प्रश्न मिटला, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

गाडी निघाली. निघाली आपलं म्हणायचं, खरं तर रस्ताच मागे सरकत होता. दुपारची नारायण पेठ जेवून आडवी झाली होती. बंद दुकानं, गॅलरीत वाळणारी साडी, सगळं पाण्याखाली असल्यासारखं सावकाश येत होतं आणि जात होतं. एका खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू आली, दुसरीतून कुणी पाढे म्हणत होतं. या गल्लीतून तो हजारदा गेला असेल, पण गल्लीला आवाज आहेत हे त्याला आज कळत होतं. पुलावर आल्यावर तर वाटलं, स्टिअरिंग आपल्या हातात नाहीच, कुणीतरी आपल्याला झोळीत घालून हलकेच नेतंय. मागे बानूचा श्वास ऐकू येत होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती, पण चालत्या गाडीत तो त्यानं कधी ऐकला नव्हता. हा रस्ता संपूच नये असं त्याला वाटलं.

"अहो, यांनी फसवलंय तुम्हाला."

"काय झालं?"

"सीटच्या कडेची ही टीप. बाकी सगळीकडे पक्की आणि इथेच वीतभर कच्ची. नखानं उसवेल. पाच तारे म्हणे!"

सिराजनं गाडी झाडाखाली उभी केली. 'असेल कच्ची' म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण त्या शांततेत खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"ती मुद्दाम कच्ची ठेवलीय, बानू. आत फुगा असतो. बाजूनं धडक बसली की ही टीप फाडून तो बाहेर येतो आणि माणसाला सांभाळतो." मग खिशातलं सातवं कलमही त्यानं तिला वाचून दाखवलं.

तिनं त्या टिपेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"आणि वर माझं कव्हर असलं तर? फाटेल ते?"

"नाही फाटणार," तो म्हणाला. तिच्या कामाची इतकी खरी तारीफ त्यानं आयुष्यात केली नव्हती.

बानूनं पुन्हा त्या टिपेवर बोट ठेवलं. मग एकदम म्हणाली, "गेल्या वर्षी मी कव्हरं घातली त्या दोन गाड्या. त्यांत आहे का हा फुगा?"

सिराजनं मान डोलावली. होता. कलम नव्या गाड्यांचं, म्हणून जुन्यांकडे मॅडमचंही लक्ष गेलं नव्हतं. सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली बारीकशी पट्टी होती. ती कापडाखाली गेली तेव्हा कापड ताणून त्यानंच तर धरलं होतं.

"उद्या सकाळी दोन्ही निघणार आहेत," तो म्हणाला.

"मग इथे झाडं काय मोजताय? चला."

वाघोलीला फाटक उघडताना पहारेकरी गेनबानं विचारलं, "आज सुट्टीचं काय काम हाय, भाई?"

"थोडं उसवायचंय," बानूनंच सांगितलं.

पर्समधलं अर्धं ब्लेड घेऊन ती पहिल्या गाडीत बसली आणि दोऱ्याचं टोक शोधू लागली. टोक सापडेना. गाठी तिनंच आत दडवल्या होत्या, आणि सैल राहिलेला टाका एकही नव्हता. तिनं चष्मा पुसला आणि पुन्हा शोधलं.

"राहू दे, मी करतो," सिराज म्हणाला.

"नको. माझं आहे ते."

तिनं ब्लेड पांढऱ्या कापडाच्या मधोमध टेकवलं आणि सरळ खाली ओढलं. कापड टरटरत फाटलं. दुसऱ्या गाडीचंही तसंच. तोवर सिराजनं बॉनेटवर कागद ठेवून सही केली. काही खोडलं नाही. सातव्या कलमातला 'नव्या' हा शब्द तेवढा काढला.

फाटलेलं कापड मांडीवर घेऊन बानू उघड्या सीटवर बसून राहिली.

"वर्षभरात किती माणसं बसली असतील हो यात?"

"सगळी घरी पोचली, बानू. एकूण एक."

मग मात्र तिला रडू आवरेना.