दुसऱ्या टोकाला कोण

मी दोन माणसांची करवत बोलतेय. हाताने ओढायची नव्हे, पेट्रोलवर चालणारी, जिला लोक चेनसॉ म्हणतात. हल्ली दुकानात मिळतात त्या चेनसॉ माझ्यापुढे भाजी चिरायच्या सुऱ्या. माझं पातं उभं केलं तर घरातल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्यावरून जातं. एका टोकाला इंजिन आणि त्याच्या मुठी, आणि दुसऱ्या टोकाला आणखी एक मूठ, दुसऱ्या माणसासाठी. या दुसऱ्या मुठीने माझ्या आयुष्याचे जेवढे हाल केले तेवढे गंजानेही केले नाहीत.

कारखान्यातून निघाले ती थेट जंगलात, दोन भावांच्या हाती. थोरला इंजिनाशी, धाकटा टोकाला. काम करताना दोघंही सतत बोलत असायचे, पण माझ्या आवाजात कुणालाच काही ऐकू येत नसे. प्रत्येकाला वाटायचं, समोरच्याला आपलं म्हणणं पटतंय. इतका एकोपा मी पुढे कुठल्याच घरात पाहिला नाही. मग एकट्याने उचलता येतील अशा हलक्या करवती आल्या. भावांनी एकेक घेतली, ते लांबलांब उभे राहून काम करू लागले, जेवायला बसल्यावर एकमेकांचं बोलणं नीट ऐकू लागले, आणि वर्षाच्या आत वाटण्या झाल्या. माझे काही दोन तुकडे करता येईनात, म्हणून मला गोठ्यात टाकलं.

तिथे कोंबड्या माझ्या पात्यावर ओळीने झोपायच्या. माझ्या साखळीला किती दात आहेत याची त्यांना कल्पना नव्हती, आणि मीही कधी बोलून दाखवलं नाही. शेवटी भंगारवाल्याने मला उचललं. म्हणजे त्याने नाही, त्याच्या चार माणसांनी.

भंगाराच्या ढिगात मला पहिल्यांदा भेटली ती दातांची डॉक्टरीण. पांढरा कोट तसाच अंगावर, दवाखान्यातून थेट आली होती. तिला जुन्या चेनसॉ जमवायचा नाद होता, आणि त्याही मोठ्याच. भंगारवाल्याने आधी एक लहान करवत पुढे केली, तर म्हणाली, “ही दुधाच्या दातांची आहे. ठेवून द्या.”

मला तिने असं तपासलं की मी पेशंटच. रंग, गंज याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी दोरी हळूच ओढून इंजिन दम धरतंय का ते बघितलं. मग सायलेन्सर काढला आणि खिशातला तोंडात घालायचा छोटा आरसा आत घालून पिस्टनवर ओरखडे आहेत का ते पाहिलं. मग एकेक स्क्रू.

“स्क्रूची डोकी शाबूत आहेत,” ती म्हणाली. “म्हणजे आत कुणी अडाण्याने हात घातलेला नाही. मोडलेलं मी दुरुस्त करीन, हरवलेलं कुठून आणू?”

“बाई, ही चालवायला दोन माणसं लागतात,” भंगारवाला म्हणाला.

“आम्ही घरात तिघं आहोत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या तिघांची कहाणी मला घरी गेल्यावर कळली. नवरा ग्रंथपाल. दिवसभर लोकांना गप्प बसवायचं त्याचं काम, आणि लग्न कुणाशी केलं तर हिच्याशी. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. मुलाकडे राहायला आल्या तेव्हा त्यांच्यासाठी ठरलेली आतली खोली चेनसॉंनी भरलेली होती, म्हणून त्यांना अंगणापलीकडची खोली मिळाली. खोली छान होती, पण प्रश्न खोलीचा राहिला नाही. तेव्हापासून सासूबाई सुनेशी सरळ बोलत नव्हत्या. सून समोर बसलेली असली तरी मुलाला म्हणायच्या, “तुझ्या बायकोला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय.” ग्रंथपाल बायकोकडे वळून म्हणायचा, “मीठ.” बायको म्हणायची, “आईंना सांग, स्वयंपाक आज तूच केलायस.”

माझी दुरुस्ती घराच्याच पुढच्या भागातल्या दवाखान्यात झाली. माझा कार्बोरेटर औषधाच्या ट्रेमध्ये निवांत भिजत पडायचा आणि खुर्चीतला पेशंट त्याच्याकडे डोळे विस्फारून बघत राहायचा. सिलिंडरच्या फटींतली काजळी तिने दात घासायच्या यंत्राने काढली. एका गृहस्थाचा जबडा उघडा ठेवून तिने त्यांना विचारलं होतं, “मूळचा रंग ठेवू की नवा देऊ?” ते म्हणाले, “आँ.” तिने मूळचा ठेवला.

पहिल्यांदा सुरू झाले तेव्हा शेजारच्या तीन खिडक्या बंद झाल्या. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी नवऱ्याला दुसरी मूठ दाखवली.

“तुझ्यासाठी जीव देईन,” ग्रंथपाल म्हणाला, “पण असा नाही.”

म्हणून दुसऱ्या टोकासाठी माणूस शोधणं सुरू झालं. दवाखान्याच्या बाकावर उमेदवार बसायचे. जिमचा मास्तर आला, मला छातीशी धरून फोटो काढून घेतला आणि मी सुरू झाल्यावर दाराबाहेर दिसला. एका वकिलाने बोटांबद्दल करार मागितला, प्रत्येक बोटाचा वेगळा. निवृत्त बँडमास्तर खरं तर चांगला होता, पण त्याला ठेका सापडला की डोळे मिटायची सवय. सासूबाई अंगणातून प्रत्येकाला निरखायच्या आणि मुलाला म्हणायच्या, “सांग तिला, हा टिकणार नाही.” एकदाही त्यांचा अंदाज चुकला नाही.

पण त्यांचं मन आमच्यावर नव्हतंच. एके दिवशी त्या मुलाला म्हणाल्या, “घरात ते लोखंड राहील नाहीतर मी.” ग्रंथपालाने भंगारवाल्याला सोमवारी ट्रक आणायला सांगितलं. डॉक्टरीणबाई भांडल्या नाहीत. त्यांनी आम्हा सगळ्यांना फडक्याने पुसलं, साखळ्यांना तेल दिलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी एका माणसाचा चांगला दात काढायला घेतला होता, म्हणे. त्यानेच लक्षात आणून दिलं म्हणून वाचला.

रविवारी वादळ झालं आणि अंगणातलं जुनं झाड सासूबाईंच्या दारासमोर आडवं झालं. खोड छातीइतकं जाड, भिंतीला समांतर, दारापासून हातभर अंतरावर. वरून पडवीचा पत्रा वाकून लोंबत होता. आत सासूबाई सुखरूप. दार आत उघडत होतं, पण उघडून उपयोग काय, समोर नुसतं खोड.

“आई, मागच्या खिडकीतून ये. मी शिडी लावतो,” मुलगा ओरडला.

“खिडकीतून बाहेर पडायचं काम चोराचं,” आतून उत्तर आलं. “मी दारातून आले, दारातूनच जाईन.”

नगरपालिकेचा माणूस आपली छोटी करवत घेऊन आला. फांद्या छाटल्या, खोडाला हात घातला आणि त्याचं पातं अर्ध्यात अडकून बसलं. “याला लांब पातं हवं, आणि पलीकडून धरायला माणूस,” असं म्हणून तो पातं तिथेच सोडून चहाला गेला, तो परत आलाच नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या खोलीत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी आणि ग्रंथपालाने मला उचलून अंगणात आणलं. माझं टोक पत्र्याखालून सरकवून खोडावरून पलीकडे नेलं. दुसरी मूठ बरोबर सासूबाईंच्या दारात गेली. पाठोपाठ त्यांनी दवाखान्यातला चष्मा, हातमोजे आणि कानात घालायला कापूस सरकवला.

“तिला सांग, मला जमणार नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“आईंना सांग, नुसती सरळ धरायची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दोरी ओढली.

मी सुरू झाले. ग्रंथपाल खोडाशी उभा राहून इकडचं तिकडे ओरडत होता, पण आता त्याचं कुणालाच ऐकू येत नव्हतं. तो थोडा वेळ नुसतेच ओठ हलवत राहिला आणि मग पायरीवर जाऊन बसला.

पलीकडची मूठ बोटभर हलली. मग कुणीतरी ती घट्ट धरली.

सुरुवातीला फजिती झाली. सासूबाईंनी सगळा जोर माझ्यावर टाकला आणि माझं इंजिन गुदमरलं. दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाईंनी ओढलं आणि मी तिरकी गेले. एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं, मधे पत्रा होता. पण माझ्यातून सगळं कळतं. पलीकडे हात थकला की अलीकडे जड लागतं, अलीकडे घाई झाली की पलीकडे थरथरतं. हळूहळू एकीने दाबलं की दुसरी सैल सोडू लागली. भुसा दोघींच्या पायांवर पडत होता. पहिला काप झाला, मग दाराच्या दुसऱ्या बाजूला दुसरा, आणि तो दरवाजाएवढा ओंडका निखळून अंगणात लोळत गेला.

इंजिन बंद झालं. सासूबाई दारात उभ्या होत्या, केसांत भुसा, डोळ्यांवर दातांच्या डॉक्टरचा चष्मा.

“तू डावीकडे ओढतेस,” त्या म्हणाल्या.

ग्रंथपाल सवयीने बायकोकडे वळला आणि थांबला.

“तुम्ही पण जोर फार देता,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मग सांगायचं ना.”

“कुणाला?”

सासूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “मला,” त्या म्हणाल्या.

सोमवारी ट्रक आला, तेव्हा फाटकात सासूबाईच उभ्या होत्या. “हे ओंडके घेऊन जा,” त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं. “मशिनी राहू देत.”

त्याला बरीच वर्षं झाली. आतली खोली रिकामी करून देऊ केली, तर सासूबाई म्हणाल्या, इतक्या लांबून अंगणातल्या मशिनींचा आवाज नीट येणार नाही. आता नवीन करवत निवडायला दोघी मिळून जातात. स्क्रू डॉक्टरीणबाई बघतात, विकणाऱ्याचं तोंड सासूबाई बघतात.

मीही आता म्हातारी झाले. कधीमधी अंगणात एखादं बारीक लाकूड ठेवून मला चालवतात. सासूबाईंचं मनगट दुखतं, म्हणून डॉक्टरीणबाई त्यांच्या नकळत माझा भार आपल्याकडे घेतात. डॉक्टरीणबाईंची पाठ धरते, म्हणून सासूबाई त्यांच्या नकळत टोक उचलून धरतात. दोघींच्या या चोरट्या ओढाओढीत मी लाकडाला टेकतच नाही. बराच वेळ वरच्या वर गुरगुरते आणि मग दोघी समाधानाने मला बंद करतात.

लाकूड तसंच राहतं. मला साफ करताना एकटी असली की जी ती दुसरीबद्दल माझ्यापाशी कुजबुजते, “बिचारी थकली आता, कळू देऊ नकोस.”

मी कळू दिलेलं नाही. तुम्हीही देऊ नका.