मुक्ताबाईचा भाऊ

सिग्रिद दीड वर्षाची असताना डेन्मार्कला दत्तक गेली होती. चाळीस वर्षांनी ती पारनेरजवळच्या आपल्या गावात आली. सोबत तिला वाढवणारे बाबा होते, टोर्बेन. सहा फूट उंच, गोरेपान, उन्हाने लालबुंद झालेले. गावकऱ्यांनी सिग्रिदचा चेहरा निरखला, लहानपणीचा फोटो हातोहात फिरवला, पण कुणालाच ओळख पटेना.

तेवढ्यात म्हाताऱ्या मुक्ताबाईंनी टोर्बेनचाच हात धरला. "आरं अजिनाथा, माज्या भावा! ऊसतोडीला गेलास, तो आत्ता उगवतोस व्हय?"

"आजी, तुमचा भाऊ नाही हा," दुभाषी आरती म्हणाली. "परदेशी आहेत ते. किती गोरे आहेत बघा."

"थंडीत ऱ्हाऊन रंग उतरला आसंल. नाक त्येच हाय."

टोर्बेनना काहीच कळलं नाही, पण त्यांनी आदराने मान हलवली. झालं! खुर्ची आली, चहा आला, बायका डोळे पुसू लागल्या.

सिग्रिदला हसू आवरेना. गाव तिचं, नातेवाईक मात्र बाबांना मिळाले. तिने आरतीकरवी विचारलं, "मग मी कोण?"

"कोन म्हंजी? माज्या भावाची लेक. मी तुजी आत्या," मुक्ताबाई म्हणाल्या आणि तिला जवळ ओढून रागावल्या, "चाळीस वर्सं झाली, एक फोन न्हाई तुजा!"